आधी दवंडी, मग ॲप



ज्यांच्या स्मरणार्थ आरमोरीतली ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींच्या हाताखाली मी चौथीपर्यंत शिकलो. फळ्यावर गणित पडलं की आम्ही पोरं लगेच पाटीवर आकडे मांडायला लागायचो. आकडे दिसले की बेरीज, नाही जुळली तर गुणाकार. गुरुजी मागून येऊन पाटीवर तळवा ठेवायचे आणि म्हणायचे, "आधी विचारलंय काय, ते सांग." सांगता आलं नाही तर पाटी पुसावी लागे. पुढे नागपुरात इंजिनिअर झालो, पुण्यात सोळा वर्षं मोबाइलची ॲप बनवली. या धंद्यात माझ्या हातून ज्या महागड्या चुका झाल्या, त्या सगळ्या पाटीवरचा तो तळवा विसरल्यामुळे झाल्या.

पत्रिकेवर विषय छापलाय 'नव्या ॲपचं पहिलं रूप'. तो कसा निघाला ते सांगतो. गेल्या दिवाळीत घरी आलो तेव्हा गावातली चार मुलं भेटायला आली. दोघं कॉलेजात शिकणारी, एक मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, एक घरची धानाची शेती बघणारा. त्यांना हत्तींसाठी ॲप काढायचं होतं. वहीची अकरा पानं भरून त्यांनी एकेक स्क्रीन पेन्सिलीनं काढून आणला होता, आणि फार सुबक काढला होता. नकाशा, नकाशावर हत्तींच्या कळपाची जागा, फोटो पाठवायची सोय, वनविभागाचे नंबर, हवामान, आपसात बोलायला जागा, पीक नुकसानीचा अर्ज, आणि हे सगळं मराठी, गोंडी, बंगाली अशा तीन भाषांत. त्यांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. खर्च किती येईल, महिने किती लागतील? त्या दिवशी मी काही बोललो नाही. आज बोलणार आहे ते त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. चौघंही इथे आलेत.

हत्तींची गोष्ट तुम्हाला मी सांगायला नको. तरी बाहेरगावचे पाहुणे बसलेत म्हणून थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूनं, मूळचा ओडिशाकडचा, वीस-बावीस हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात शिरला. धानोरा, कुरखेडा करत तो वडसा वनविभागात आला, पुढे गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधच्या जंगलापर्यंत जाऊन परत फिरला. आपल्या आजोबा-पणजोबांना वाघ ठाऊक होता, अस्वल ठाऊक होतं, रानडुक्कर तर घरच्यासारखं. रानटी हत्ती त्यांच्या गोष्टींतही नव्हता. कमलापूरचे सरकारी हत्ती पाळीव, त्यांचा आणि या कळपाचा संबंध नाही. त्यामुळे हत्ती आला तर पळायचं कुठे, उजेड करायचा की विझवायचा, घरात मोहाची दारू असेल तर काय होतं, हे आपण या चार-पाच वर्षांत शिकलो, आणि ते शिकताना पिकं गेली, घरं पडली, माणसंही गेली. त्याच काळात वाघाचंही होतंच. सीटी-१ नावाचा वाघ १३ ऑक्टोबर २०२२ ला वडसा भागात जेरबंद झाला, तोवर वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी मिळून तेरा माणसं त्यानं मारली होती. पोरांना ॲप काढावंसं वाटलं ते या दुःखातून. म्हणूनच ते नीट निघायला हवं.

आमच्या धंद्यात याला एक इंग्रजी तीन अक्षरी नाव आहे, 'एमव्हीपी'. २००१ मध्ये फ्रँक रॉबिन्सन या अमेरिकी सल्लागारानं ते वापरात आणलं, आणि एरिक रीस यांचं पुस्तक २०११ मध्ये आलं तेव्हापासून जगभर पसरलं. शब्दशः अर्थ करायचा तर कमीत कमी पण तग धरणारी वस्तू. बहुतेक ठिकाणी याचा अर्थ असा लावतात की मोठ्या ॲपचं छोटं पिल्लू आधी बाजारात सोडायचं. चाळीस सोयी ठरल्या असतील तर त्यातल्या दहा. मला हा अर्थ पटत नाही. आपल्याकडे धान कोणी दाणा-दाणा बांधीत टोचत बसत नाही. आधी कोपऱ्यात पऱ्हे टाकतो. पऱ्हे म्हणजे लहान बांधी नव्हे. बी उगवतं की नाही, पाणी पुरतं की नाही, हे पऱ्ह्यांवरून कळतं. रोवणी त्यानंतरची. पहिल्या रूपाचं कामही कळून घेण्याचंच आहे. ज्या एका गोष्टीवर सगळा डोलारा उभा राहणार आणि जी खरी आहे की नाही हे आपल्यालाच ठाऊक नाही, तिचा निकाल सगळ्यात कमी खर्चात लावायचा.

पुढे पामपायलट म्हणून ओळखला गेलेला, खिशात मावणारा छोटा संगणक बाजारात आला १९९६ मध्ये. तो बनवण्याआधी जेफ हॉकिन्स यांनी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा कापून घेतला आणि खिशात घालून ते दिवसभर हिंडले. कोणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा, त्यावर लिहिल्यासारखं करायचं, परत खिशात ठेवायचा. यंत्र बनवता येईल याची त्यांना खात्री होती. शंका होती ती माणूस ते खिशात बाळगेल का याची. ती शंका लाकडानं फेडली.

माझ्या एका चुकीची गोष्ट आता सांगतो, कारण ती आपल्याच जंगलातली आहे. ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या त्या काळात एका संस्थेसाठी आम्ही संकलनाच्या हिशेबाचं ॲप करायला घेतलं. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची गोणी, रोजची मोजणी, मजुरी, मागाहून बोनस. आठ महिने काम चाललं. पहिला हंगाम हुकला. का, तर बोनस वाटपाचा हिशेब बरोबर बसत नव्हता. आज आठवलं की वाईट वाटतं. तेंदूचा हंगाम मे महिन्यातला, जेमतेम पंधरवड्याचा. बोनस वाटतात त्यानंतर कित्येक महिन्यांनी. मे महिन्यात ज्याची कोणाला गरज नव्हती, त्यासाठी आम्ही मे महिना घालवला. पुढच्या वर्षी फळीवर, म्हणजे पुडे जमा होतात त्या जागी गेलो तर उन्हात स्क्रीन दिसेना. मुन्शी नेहमीसारखा वहीत लिहीत राहिला, आणि रात्री एक मुलगा वहीतलं ॲपमध्ये उतरवत बसला. म्हणजे एकाच्या जागी दोन वह्या झाल्या.

मी त्या फळीवर तीन दिवस बसलो. बायका पहाटे जंगलात जात, दुपारभर घरच्या पडवीत पुडे बांधत, संध्याकाळी फळीवर आणून मांडत. मुन्शी हिंडून मोजी, काही पुडे खराब म्हणून बाजूला काढी आणि आकडा तोंडी सांगे. वाद व्हायचा तो तिथे, बाजूला काढलेल्या पुड्यांवरून. एका मावशीनं मला सांगितलं की तिला बेरीज येते, बेरजेसाठी मोबाइल नको, तिला तो आकडा त्याच संध्याकाळी कागदावर हातात हवा, म्हणजे आठवड्यानं कोणी फिरवणार नाही. चिठ्ठ्यांचं एक पुस्तक आणि शाईचा शिक्का घेऊन हे आम्हाला पहिल्याच हंगामात, पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं. ॲप दोन वर्षांनी बंद पडलं. संस्थेचे पैसे गेले ते गेलेच, पण ज्या बायकांनी आम्हाला वेळ दिला होता, त्यांचा नव्या गोष्टीवरचा विश्वासही त्यात गेला. पैसे पुन्हा उभे करता येतात.

याच्या उलट गोष्टही जवळचीच आहे. वैनगंगेच्या पलीकडे, नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिले असतील. तिसरीपर्यंत शिकलेले, जेमतेम दीड एकराचे धनी. १९८३ मध्ये 'पटेल ३' धानाच्या उभ्या पिकात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या खुडून वेगळ्या ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, जंगलाकाठचं शेत म्हणून रानडुकरांपासून वाचवायला काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं. दरवर्षी निवडून पुन्हा लावत १९९० पर्यंत बी दुसऱ्या शेतकऱ्याच्या शेतात पोचलं, आणि तळोधीच्या बाजारात त्या काळच्या घड्याळावरून त्या तांदळाला एचएमटी हे नाव पडलं. आज तुमच्या-माझ्या ताटात तो आहे. मला त्यात दिसतं ते हे की त्यांनी पहिल्या वर्षी सगळं शेत डावावर लावलं नाही, आणि दुसऱ्या वर्षी घाई केली नाही. दीड एकरवाल्याला एक हंगाम फुकट घालवणं परवडत नाही. कंपनीला परवडतं, म्हणून कंपन्या जास्त चुका करतात.

पण 'पहिलं रूप लहान ठेवा' एवढं सांगून थांबलो तर मी तुमची फसवणूक करेन. लहान म्हणजे कच्चं, असा अर्थ घेऊन लोकांनी फार नुकसान केलंय. हे समजायला आपल्या जिल्ह्याइतकं चांगलं उदाहरण मला जगात कुठे सापडलेलं नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो.

डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था इथे १९८६ मध्ये सुरू केली. लहान मुलं न्यूमोनियानं दगावत होती. न्यूमोनिया ओळखायची एक साधी खूण वैद्यकाला ठाऊक होती. बाळ किती वेगानं श्वास घेतं ते मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. बाळाजवळ असणारी बाई म्हणजे गावातली सुईण. तिच्याकडे घड्याळ नव्हतं, असतं तरी काटा वाचता येत नव्हता, आणि साठपर्यंत न चुकता मोजणं अवघड होतं. तेव्हा 'सर्च'नं श्वासमापक बनवला. मिनिटाची वाळू पडणारी एक काचेची घडी, शेजारी तारेवर मणी, एक ओळ तान्ह्या बाळासाठी, एक मोठ्यासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याशी पोचलात तर बाळाला न्यूमोनिया, औषध सुरू करा.

या यंत्रात काय काय नाही ते बघा. पेशंटचं नाव नाही, नोंद नाही, अहवाल नाही, आकडासुद्धा नाही. साठपर्यंत मोजता येत नाही पण दहापर्यंत येतं, एवढ्या एका खऱ्या माहितीवर ते उभं आहे. ती माहिती सुईणीच्या शेजारी जमिनीवर बसल्याशिवाय मिळत नाही. आणि जे उरलं ते अगदी पक्कं आहे. वाळू मिनिटाऐवजी पन्नास सेकंदांत संपली असती तर लाल मण्याशी पोचायला बाळाच्या श्वासांना वेळच पुरला नसता आणि आजार नजरेतून सुटला असता. मण्यांचा रंग कोणता, ओळी किती, यावर तडजोड चालेल. वाळूवर चालणार नाही. प्रत्येक पहिल्या रूपात अशी एक वाळू असते. ती कोणती हे आधी ओळखायचं, तिच्यावर सगळी मेहनत घालायची, बाकी सगळं निर्दयपणे खोडायचं.

पुढे नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग झाला तोही याच शिस्तीनं. एकोणचाळीस गावांत हे काम, शेजारच्या सत्तेचाळीस गावांत तुलनेसाठी फक्त मोजणी. गावोगावी एक आरोग्यदूत बाई. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर बासष्ट टक्क्यांनी खाली आला होता. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई नवजात बाळाच्या घरी जातात त्याचं मूळ या गावांत आहे. एकदम अख्ख्या जिल्ह्यात सुरू करा, असं त्यांना कोणीच म्हटलं नसेल का? म्हटलं असणारच. पण तुलनेची गावं ठेवली नसती तर मरण कमी झालं ते या कामामुळे की आपसूक, हे कोणालाच सांगता आलं नसतं, आणि मग हे देशभर गेलंही नसतं.

आता हत्तींकडे वळतो.

तमिळनाडूत अण्णामलईच्या डोंगरात वालपराई नावाचा चहामळ्यांचा मुलूख आहे. तिथेही हत्ती आणि माणसं एकाच वाटांवर. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या आनंद कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्यावर दिसलं की माणसं मरतात ती बहुतेक वेळा हत्ती तिथे आहे हे ठाऊक नसल्यामुळे. संध्याकाळी कामावरून परतताना, वळणावर, अचानक. त्यांनी पहिल्यांदा काय केलं? गावच्या केबल टीव्हीवर खाली एक ओळ सोडली. आज हत्ती अमुक मळ्याजवळ आहेत. मालिका बघत बसलेल्या घरांना ती दिसायची. मग मोबाइलवर संदेश सुरू झाले. मग मोक्याच्या जागी खांबांवर लाल दिवे, गावातल्याच ठरावीक माणसानं फोन केला की लुकलुकणारे. २०१५ मध्ये आनंद कुमारांना व्हिटली पुरस्कार मिळाला. केबलच्या ओळीपासून दिव्यांपर्यंत काही वर्षं गेली, आणि प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीनं काय शिकवलं ते ठाऊक होतं. शेजारी छत्तीसगडात २०१० मध्ये शुभ्रांशु चौधरींनी 'सीजीनेट स्वरा' सुरू केलं, त्यातही ॲप नव्हतं. साधा फोन लावायचा, गोंडीत बोलायचं, दुसऱ्याचं ऐकायचं. लिपी नको, इंटरनेट नको.

मुलांनो, तुमची वही बघून मला पहिल्यांदा वाटलं की वालपराईची नक्कल करा म्हणून सांगावं. मग एका रात्री लक्षात आलं की ते जीवघेणं ठरेल.

हत्ती चहा खात नाहीत. वालपराईतल्या मजुराला "हत्ती आलेत" कळलं की तो घरी थांबतो. मळा मालकाचा, आणि चहाचं तसंही काही बिघडणार नाही. आपल्याकडे हत्ती येतात ते धानासाठी. धान आपलं. सोसायटीचं कर्ज काढून रोवलेलं. कार्तिकात लोंब्या भरून वाकल्या आहेत आणि रात्री आठ वाजता मोबाइल वाजला, "हत्ती तुमच्या बांधीकडे आलेत." तुम्ही घरी थांबाल का? मी तरी नाही थांबणार. मी टेंभा, फटाके, डबा घेऊन धावत सुटेन, आणि माझ्यामागे माझा भाऊ. ज्या संदेशानं माणूस वाचवायचा, तोच संदेश माणसाला अंधारात हत्तीच्या पायांत नेऊन सोडेल. तुमच्या अकरा पानांत ही शंका कुठेच नाही. खर्च किती आणि महिने किती, याच्या आधीचा प्रश्न हा आहे. हत्ती आल्याचं कळलं की आपला माणूस घराकडे जातो की शेताकडे?

याचं उत्तर पुण्यात बसून मिळणार नाही आणि कोड लिहूनही मिळणार नाही. ते मिळवायला जे लागतं ते गावात आधीपासून आहे. त्याला दवंडी म्हणतात.

माझी सूचना अशी आहे. तीनच गावं घ्या. एक जंगलाला चिकटून, एक डांबरी रस्त्यावरचं, एक असं की जिथे मोबाइलला टॉवर सापडत नाही. धान पोटरीत आलं की सुरू करायचं आणि मळणी झाली की थांबायचं. कळपाच्या मागावर वनविभागाची माणसं असतातच, त्यांच्याकडून रोज चार वाजता कळपाचा ठावठिकाणा घ्यायचा. तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या एकाच फोनवर येईल. तिथून गावागावात एका माणसाला फोन जाईल आणि जेवणवेळेआधी दवंडी फिरेल. कोतवालाकडे तीन-चार गावं असतील तर बचतगटातली बाई देईल, भोंग्यावरून देईल, घरोघर सांगेल. टॉवर नसलेल्या गावात सायकलवरून निरोप जाईल. घरात मोबाइल एकच आणि तो बहुधा बापाच्या खिशात. पहाटे जंगलाकडे निघालेल्या बाईपर्यंत ॲपचा निरोप पोचणारच नाही, दवंडी पोचेल.

दवंडीत काय सांगायचं हे आधी पक्कं करा, कारण वाळू इथे आहे. कळप कोणत्या बाजूला दिसला, किती वाजता दिसला, आणि आज रात्री कोणत्या वाटेनं जायचं नाही. एवढंच. वेळ सांगितल्याशिवाय एकही निरोप जाता कामा नये. चारची बातमी आठ वाजता ताजी म्हणून दिली आणि कळप तोवर दुसरीकडे निघून गेला, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा कोणी ऐकणार नाही. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आणि नकाशावर नेमकी जागा दाखवायची नाही. तुमच्या पहिल्या पानावर तीच आहे. नेमकी जागा दिसली की बाहेरून मोटारसायकली येतात, व्हिडिओ काढायला गर्दी होते, कळप बिथरतो आणि रात्री त्याचा राग बाजूच्या वस्तीवर निघतो. शिकाऱ्यांच्या हातात ती माहिती पडणं वेगळंच. बाजू सांगा, जागा सांगू नका.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि हे काम सगळ्यात कष्टाचं आहे, गावातल्या दहा घरी जायचं. वहीत चार रकाने. निरोप किती वाजता आला. दवंडी किती वाजता झाली. या घरानं ती ऐकली का. आणि ऐकून रात्री काय केलं. किती निरोप पाठवले याचा आकडा कोणी विचारला तर तो सांगायलाही जाऊ नका, त्यानं काही कळत नाही. चौथ्या रकान्यात जे लिहिलं जाईल त्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. जो जागलीवर गेला त्याला का गेला हे विचारा, आणि तो सांगेल ते त्याच्या बोलीत जसंच्या तसं उतरवा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच कागदावर लिहून वनविभागाच्या माणसांसमोर सगळ्यांनी सही करा. पहिल्या काही दवंड्यांतच लोक शेताकडे धावताना दिसले, तर दवंडी त्याच दिवशी थांबवायची. नंतर ठरवू म्हटलं की ठरत नाही. मेहनत केलेली असते, पेपरात फोटो आलेला असतो, पुढाऱ्यानं उद्घाटन केलेलं असतं. चालू केलेलं काम थांबवण्याची अट ते चालू करण्याआधीच ठरवावी लागते. माझ्या तेंदूच्या ॲपला अशी अट असती तर ते पहिल्याच हंगामात थांबलं असतं आणि चिठ्ठीचं पुस्तक सुरू झालं असतं.

मला काय वाटतं ते सांगू? चौथ्या रकान्यात बहुतेकांचं उत्तर एकच येईल. "गेलो नसतो, पण धान गेलं तर भरपाई कधी मिळणार, पंचनामा कधी होणार?" मी चुकीचा ठरेन कदाचित, ते वही ठरवेल. पण असंच निघालं तर तुमच्या ॲपचं पहिलं रूप पूर्णच बदलतं. मग त्यात हत्ती असणारच नाही. गट नंबर, तुडवलेल्या बांधीचा दिवस-वेळेसह फोटो, आणि पंचनामा कोणत्या तारखेला होणार त्याचं उत्तर. एवढा एकच स्क्रीन. शेतात नेटवर्क नसलं तरी फोटो जपून ठेवणारा आणि रेंज आली की पाठवणारा. ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली १५ ऑगस्ट २०२१ ला, तेव्हापासून शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायची सवय आपल्या लोकांना झालीच आहे, ती इथे कामी येईल. सकाळी फोटो गेला की पंचनामा होणार, ही खात्री एकदा बसली, तर रात्री आठला दवंडी ऐकून माणूस दार लावून घरात बसेल. ती खात्री ॲप देऊ शकत नाही. ती देणारं कार्यालय तयार आहे का, हे एक ओळ कोड लिहायच्या आत जाऊन विचारावं लागेल. ते तयार नसेल तर हा स्क्रीनही बनवू नका. नुसता फोटो पाठवून उत्तर न येणं हे लोकांनी पुष्कळ सोसलंय, त्यात आपण भर घालू नये.

तुमच्या वहीत हे पान नववं आहे, पीक नुकसानीचा अर्ज. बाकीची दहा फाडू नका, ठेवा.

एकानं मघाशी चहाच्या वेळी मला विचारलं की कळप पुन्हा धानावर येईल तो कार्तिकात, तोवर आठ-नऊ महिने काय करायचं? एक गोष्ट आत्ता करता येते आणि तिला फोनसुद्धा लागत नाही. यंदाच्या हंगामात ज्यांच्या बांधीत हत्ती शिरले ती घरं अजून तिथेच आहेत, त्यांना ती रात्र आठवते आहे. हत्ती आल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं, किती वाजता, आणि कळल्यावर तुम्ही काय केलं, हे तीनच प्रश्न घेऊन त्यांच्या ओसरीवर बसायचं. उत्तरं देताना त्यांना त्रास होईल. घाई करायची नाही, चहा घ्यायचा, पुन्हा जायचं. मी माझी सुट्टी दहा दिवसांनी वाढवून घेतली आहे. उद्या सकाळी सात वाजता आम्ही पाच जण बसस्टँडवरून निघतोय. सभागृहात जे कोणी अशा गावांतले असतील, त्यांनी जाताना दारापाशी ठेवलेल्या वहीत फक्त गावाचं नाव आणि कोणत्या वेळी घरी असता ते लिहून जावं.